कुरू : 'कधीपासून?' हा प्रश्न उशिरा विचारला गेला त्याचं प्रकरण

दवाखान्यात पेशंट समोर बसला की डॉक्टर आधी विचारतात, "काय होतंय?" आणि लगेच, "कधीपासून?" डॉक्टरकीच्या शिक्षणात हिस्ट्री घेणं शिकवतात ते याच दोन प्रश्नांपासून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे जमातीला ग्रासणाऱ्या कुरू या आजाराबाबत पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९५७ मध्ये अतिशय बारकाईने लिहून ठेवलं गेलं. दुसरा प्रश्न मात्र त्या लोकांना नीट विचारायला आणखी चार-पाच वर्षं गेली. त्या दरम्यान एक चुकीचा सिद्धान्त जवळपास सरकारी धोरण होण्यापर्यंत पोचला होता. माणसाला होणाऱ्या प्रिऑन आजारांच्या, म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रथिनामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजारांच्या संशोधनाची सुरुवात म्हणून कुरूचं नाव नेहमी घेतलं जातं. ती गोष्ट बहुतेक वेळा नोबेल पारितोषिकाच्या अंगाने सांगतात. मला ती हिस्ट्री घेण्याच्या अंगाने सांगावीशी वाटते.

मुलूख आणि आजार

फोरे लोकांची वस्ती पूर्वेकडच्या उंच डोंगररांगांत, ओकापाच्या आसपास. हा भाग तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता, पण गोऱ्या अधिकाऱ्यांचा तिथला वावर अगदी ताजा. ओकापाला चौकी बसली ती १९५४ मध्ये. रताळ्याची शेती, डुकरं पाळणं, लहान लहान वाड्या. पुरुषांची राहण्याची मोठी घरं वेगळी, बायकांची झोपडी वेगळी. मुलगे सहा-आठ वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहायचे, मग त्यांना पुरुषांच्या घरात नेलं जायचं. हा तपशील आत्ता साधा वाटेल, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

कुरू म्हणजे फोरे भाषेत थरथरणं. सुरुवात डोकेदुखीने, सांधेदुखीने. मग चालताना तोल जायला लागतो. बाई काठी घेते. काही महिन्यांत काठीनेही भागत नाही, ती बसून राहते. मान, धड, हात सगळं हलत राहतं, बोलणं अडखळतं. शेवटी गिळता येत नाही. साधारण वर्षभरात मृत्यू. बरा झालेला एकही रोगी नाही. ताप नाही, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं तर तेही निर्दोष. स्मृती आणि समज शेवटपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहायची, त्यामुळे आपल्याला काय झालंय हे रोग्याला पक्कं ठाऊक असायचं. पहिल्याच अडखळण्यात बायका ओळखायच्या की हे कुरू आहे, आणि त्यांचं निदान चुकायचं नाही. काही रोग्यांना हसू आवरत नसे. परदेशी वर्तमानपत्रांनी तेवढंच उचलून त्याला 'हसत येणारा मृत्यू' म्हटलं. ज्यांच्या घरी आई गेली त्यांच्यासाठी हे किती क्रूर नाव होतं, याचा विचार ते छापताना कुणी केला नाही.

आकडे भयंकर होते. ऐन भरात वर्षाला दोनशेच्या वर माणसं जायची, आणि ती सगळी काही हजारांच्या लोकसंख्येतून. १९५७ पासून नोंदलेले एकूण मृत्यू २,७०० च्या पुढे गेले. प्रौढांमध्ये मरणाऱ्या जवळपास सगळ्या बायका. मुलांमध्ये मात्र मुलगे आणि मुली सारख्याच प्रमाणात. दक्षिणेकडच्या काही वाड्यांत पुरुषांच्या मानाने बायका इतक्या कमी उरल्या की बापांना तान्ही पोरं सांभाळावी लागली.

लोकांचं स्वतःचं उत्तर

फोरे लोकांकडे या आजाराचं स्पष्टीकरण तयार होतं : करणी. कुणी तरी शत्रू तुमचे केस, नखं, उष्टं, अंगावरच्या कपड्याचा तुकडा असं काहीबाही मिळवतो, पानात गुंडाळतो, मंत्र घालतो आणि चिखलात पुरतो. पुडकं कुजत जाईल तसं ते ज्याचं त्याचं अंग थरथरत जातं. त्यामुळे लोक आपलं उष्टं-खरकटं, केस-नखं फार जपायचे. आपल्याकडे करणी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा या भागात जास्त थांबायला नको. पण एक नोंद महत्त्वाची. सुरुवातीला लोकांनी याला करणी मानलंच नव्हतं. पहिल्या रोगी बायका डोलतात कशा, तर सुरूच्या झाडासारख्या, असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांना डुकराचं मांस आणि सुरूची साल खायला घातली गेली. म्हणजे आजार नवा होता, त्यावर काय करावं हे ठरलेलं नव्हतं, लोक चाचपडत होते. जुन्या, पिढीजात आजाराबाबत असं होत नाही. हा पुरावा लोकांच्या बोलण्यात कितीतरी वर्षं पडून होता.

१९५७ : पहिला प्रश्न

कैनांटू भागाचे वैद्यकीय अधिकारी व्हिन्सेंट झिगास यांनी कुरूचे रोगी पाहिले आणि १९५६ च्या अखेरीस नमुने मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत पाठवले. काहीच सापडलं नाही. मार्च १९५७ मध्ये अमेरिकन डॉक्टर कार्लटन गाय्डुसेक तिथे पोचले. ते त्याआधी त्याच संस्थेत काम करत होते. त्यांनी ओकापालाच मुक्काम ठोकला, गवताच्या झोपड्यांत रुग्णालय उभं केलं आणि दऱ्याखोऱ्यांतून पायी फिरून रोग्यांच्या याद्या केल्या. नोव्हेंबर १९५७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोघांचा लेख आला. लक्षणांचं इतकं बारीक, इतकं माणुसकीने केलेलं वर्णन त्या काळच्या लेखांत क्वचित दिसतं. गाय्डुसेक यांच्याविषयी पुढे जे उघड झालं तेही इथेच सांगायला हवं. १९९७ मध्ये त्यांनी अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा अमेरिकेतल्या न्यायालयात कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. पॅसिफिक बेटांवरून त्यांनी अनेक मुलं आपल्या घरी शिकायला नेली होती. त्यांच्या कामाचा आदर करताना ही गोष्ट झाकून ठेवणं मला मान्य नाही.

उपाय म्हणून जे हाताशी होतं ते सगळं वापरून झालं : जीवनसत्त्वं, प्रतिजैविकं, स्टेरॉइड, शरीरातले जड धातू बाहेर काढणारी औषधं. कशानेच फरक पडला नाही. अन्नात, चुलीच्या राखेत विषारी धातू शोधले, तेही सापडले नाहीत. अमेरिकेत इगॉर क्लाट्झो यांनी मेंदूचे काप पाहिले. लहान मेंदू सर्वांत जास्त उद्ध्वस्त झालेला, पेशींत पोकळ्या, काही ठिकाणी प्रथिनाचे गोलसर साठे, आणि दाह मात्र कुठेच नाही. याच्याशी जुळणारा माणसाचा एकच आजार त्यांना आठवला, क्रॉइट्सफेल्ड-याकोब, म्हणजे सीजेडी. तो इतका विरळा की जगभरात दर दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसरा रोगी. ही नोंद तेव्हा फायलीत गेली आणि तिचं मोल दहा वर्षांनी कळलं.

ताप नाही, दाह नाही, म्हणजे संसर्ग नाही. त्या काळच्या ज्ञानाने हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. मेलेल्या नातेवाइकांना खाण्याची चाल तिथे होती हे सगळ्यांना माहीत होतं, कुणाकुणाच्या मनात शंका येऊनही गेली. पण जिथे जंतूच दिसत नाही तिथे घास घशाखाली गेला म्हणून काय बिघडणार, असा तो विचार होता.

जनुकाचा सिद्धान्त

मग आनुवंशिकतेची पाळी आली. आजार एका जमातीत, त्यातही घराण्याघराण्यांत. १९५९ मध्ये ॲडलेड विद्यापीठातले बेनेट आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलं की कुरू एका जनुकाने होतो. बाईत त्या जनुकाची एक प्रत पुरते, पुरुषात दोन लागतात. मुलगे-मुली सारखे का आणि प्रौढांत बायकाच का, हे या मांडणीत चपखल बसत होतं. कागदावर सुंदर दिसणारा सिद्धान्त होता तो.

याचा व्यवहारातला परिणाम काय? जनुक बाहेर पसरू नये म्हणून फोरे लोकांना आपला मुलूख सोडून जाऊ देऊ नये, हा विचार प्रशासनात गंभीरपणे पुढे आला. एक अख्खी जमात तिच्या रक्तात दोष आहे असं ठरवून डोंगरात कोंडून ठेवायची. त्या लोकांना कधीपासून हा त्रास होतोय, हे पुरतं विचारण्याआधीच.

सिद्धान्तात एक ढळढळीत अडचण होती. जो दोष तरुण बायकांना मूल होण्याआधीच मारून टाकतो, तो पिढ्यान् पिढ्या टिकून इतका फोफावला कसा? ही शंका तेव्हाही काहींनी काढली. पण तिला उत्तर गणितातून मिळणार नव्हतं. ते मिळालं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून.

दुसरा प्रश्न

१९६१ मध्ये दोन मानववंशशास्त्रज्ञ फोरे मुलखात राहायला आले, रॉबर्ट ग्लास आणि शर्ली ग्लास. शर्ली पुढे शर्ली लिंडेनबाउम या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांना पाठवलं होतं वंशावळी गोळा करायला, म्हणजे जनुकाचा सिद्धान्त भक्कम करायला. त्यांनी वंशावळी घेतल्या आणि सिद्धान्ताचा पायाच हलला.

एक तर फोरे लोकांचं नातं रक्तापुरतं मर्यादित नव्हतं. बाहेरून आलेला माणूस एकत्र राहिला, वाटून खाल्लं, लढाईत साथ दिली की तो भाऊ व्हायचा आणि त्याच्या मुलांना ती सगळी नाती लागायची. काका, भाऊ, आत्या म्हणून सांगितलेल्यांपैकी कितीतरी जणांचा रक्ताचा संबंध नव्हता. वंशावळीवर जनुक शोधणाऱ्याच्या पायाखालची वाळूच यात सरकते.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. त्यांनी गावोगावच्या वयस्क माणसांना विचारलं, तुमच्या वाडीत पहिली बाई कधी थरथरली? आणि लोकांना ते आठवत होतं. तिचं नाव, कुणाची बायको, तेव्हा अमक्याचं वय किती होतं, हे सगळं. या उत्तरांचा नकाशा केला तेव्हा दिसलं की आजार १९२० च्या सुमारास उत्तरेकडच्या वस्त्यांत आला आणि वाडीवाडीने दक्षिणेकडे सरकत गेला. दक्षिण फोरे भागात तो पोचला १९३० च्या दशकात. पिढीजात नव्हताच, एका माणसाच्या आयुष्यात आलेला होता. जनुक असा डोंगर ओलांडून वाटेवाटेने चालत येत नाही.

मग त्यांनी तिसरं विचारलं : मेलेल्याला खाण्याची चाल कधीची? तीही फार जुनी नव्हती. तीही उत्तरेच्या शेजाऱ्यांकडून आली होती आणि कुरूच्या थोडी आधी पोचली होती. ही चाल शत्रूला खाण्याची नव्हती. आपलं माणूस मेलं की त्याला मातीत किड्यांना देण्यापेक्षा आपल्या शरीरात ठेवावं, ही त्यामागची माया. खाणाऱ्या मुख्यतः बायका, आणि त्यांच्या मांडीवरची, आजूबाजूची मुलं. मुलगे असोत की मुली, आईच्या ताटातलं खायचे. वयात आलेल्या पुरुषांनी हे मांस सहसा टाळावं असा समज होता. ते डुकराच्या मांसाचे हक्कदार. मेंदू बायकांच्या वाट्याला यायचा.

आता मघाचा तो साधा तपशील पुन्हा पाहा. मुलगा सहा-आठ वर्षांचा होईपर्यंत आईजवळ, म्हणजे तोवर त्यालाही मुलीइतकाच धोका. मग तो पुरुषांच्या घरात जातो आणि धोका संपतो. मुलांत बरोबरी, प्रौढांत बायकाच : जनुकाच्या दोन प्रतींचं जे गणित मांडलं होतं ते इथे कोण कुणाजवळ बसून जेवतं यातून सुटलं.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दाखला हाच वाटतो. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. दोन माणसं झोपडीबाहेर बसून ऐकत होती, आणि ज्या लोकांना अडाणी म्हणून बाजूला सारलं होतं त्यांच्या स्मृतीत साथीचा पूर्ण आलेख होता. त्याच सुमारास, १९६२-६३ मध्ये, फोरे पुढारी मोठमोठ्या सभा भरवत होते, करणी करणाऱ्यांना जाहीर विनवत होते की आमच्या बायका मारू नका, नाहीतर आम्ही संपू. कारण त्यांनी चुकीचं धरलं होतं. पण समाज संपत चालला आहे हे त्यांचं निदान अचूक होतं.

एक पशुवैद्य आणि दोन चिंपांझी

जंतू दिसत नसताना लागण कशी, हा पेच सोडवायला मदत झाली मेंढ्यांची. स्क्रेपी हा मेंढ्यांचा जुना आजार, ज्यात मेंढी अंग घासत घासत तोल जाऊन मरते. १९३६ मध्ये फ्रान्सच्या क्यूये आणि शेल या पशुवैद्यांनी दाखवलं होतं की तो टोचून एका मेंढीतून दुसरीत जातो, फक्त लक्षणं दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. माणसांच्या डॉक्टरांनी हे वाचायचं काही कारण नव्हतं.

१९५९ मध्ये विल्यम हॅडलो हे अमेरिकन पशुवैद्य इंग्लंडमध्ये स्क्रेपीवरच काम करत होते. लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात कुरूचं प्रदर्शन लागलं होतं, ते त्यांनी पाहिलं. मेंदूच्या पेशींतल्या पोकळ्यांची छायाचित्रं पाहताच त्यांना ती ओळखीची वाटली. सप्टेंबर १९५९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं : हे स्क्रेपीसारखं आहे, माकडवर्गातल्या प्राण्याला टोचून पाहा आणि पुरेसा काळ थांबा. त्यातला 'थांबा' हा सल्ला सगळ्यात मोलाचा होता.

थांबायचं ठरल्यावर कामाची पद्धतच बदलली. मायकेल आल्पर्स हे ॲडलेडचे तरुण डॉक्टर १९६१ पासून फोरे लोकांत राहत होते. रोग्यांच्या घरी बसायचे, शेवटचे दिवस त्यांच्यासोबत काढायचे. म्हणून मृत्यूनंतर शवविच्छेदनाला कुटुंबं राजी व्हायची. गोठवलेले नमुने अमेरिकेत गेले आणि १९६३ मध्ये मेरीलँडच्या पॅटक्संटमध्ये गाय्डुसेक व जो गिब्ज यांच्या गटाने ते चिंपांझींच्या मेंदूत टोचले. जवळपास दोन वर्षं काहीच झालं नाही. १९६५ मध्ये जॉर्जेट नावाची चिंपांझी सुस्त झाली, ओठ लोंबायला लागला, मग तोल जाऊ लागला. पाठोपाठ डेझी. जॉर्जेटच्या मेंदूचे काप लंडनला एलिझाबेथ बेक यांच्याकडे गेले. त्यांना त्यात कुरूच दिसला. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये सीजेडीदेखील असाच चिंपांझीत उतरला आणि क्लाट्झोंची फायलीतली नोंद पुन्हा बाहेर आली.

पुढचा भाग इतरत्र पुष्कळ सांगितला गेलाय, म्हणून थोडक्यात. लंडनमध्ये टिक्वा आल्पर यांच्या गटाने दाखवलं की स्क्रेपीचं कारक द्रव्य अतिनील किरणांना दाद देत नाही, म्हणजे त्यात डीएनए-आरएनए असण्याची शक्यता फार कमी. गाय्डुसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 'प्रिऑन' हा शब्द दिला : आपल्याच शरीरातलं एक प्रथिन चुकीच्या घडीने दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांना तशीच घडी घालायला लावतं. अनेकांनी ते मानलं नाही, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि १९९७ चं नोबेल प्रुसिनर यांना मिळालं. कुरूचा उगम बहुधा असा : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणा एकाला आपोआप सीजेडी झाला, तो माणूस मेला, आणि मायेने खाल्ला गेला.

चाल थांबल्यावर

प्रशासन आणि मिशनऱ्यांच्या दबावाने ही चाल १९५० च्या दशकात थांबत गेली, १९६० च्या सुमारास पूर्ण बंद झाली. आल्पर्स दरवर्षी रोग्यांची वयं मांडत राहिले. आधी चार-पाच वर्षांची मुलं यादीतून गेली. काही वर्षांनी दहा वर्षांची. मग वयात येणारी. सर्वांत लहान रोग्याचं वय दरवर्षी वर चढत गेलं. चाल बंद झाल्यानंतर जन्मलेल्या एकालाही कुरू झाला नाही. कुरू झालेल्या आईच्या दुधावर वाढलेली मुलंसुद्धा सुटली. चिंपांझीवरच्या प्रयोगाइतकाच हा वयांचा तक्ता मला भक्कम वाटतो. त्यासाठी एकच गोष्ट लागली, त्याच गावांत पुन्हा पुन्हा जाणं. आल्पर्स पुढे गोरोका इथल्या पापुआ न्यू गिनी वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि ती नोंद चालू राहिली.

ती नोंद इतर देशांच्याही कामी आली. मृतांच्या पियूष ग्रंथीतून काढलेलं वाढीचं हार्मोन खुज्या मुलांना टोचलं जायचं. त्यातून सीजेडी होतो हे कळताच १९८५ मध्ये ते बंद केलं, तरी दोनशेहून अधिक जण पुढे दगावले. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये रोगट गायींच्या मांसातून माणसाला नव्या प्रकारचा सीजेडी होतो हे जाहीर झालं. तेव्हा सगळ्यांना एकच धास्ती होती : आजार किती वर्षं लपून बसू शकतो? जगात याचं उत्तर देऊ शकणारी एकच जागा होती, फोरेंचा मुलूख.

लंडनचे जॉन कॉलिंज आणि आल्पर्स यांच्या गटाने १९९६ ते २००४ या काळात तिथे घरोघरी जाऊन शोध घेतला. आणखी काही गोष्टी हाती आल्या. मर्तिकाच्या जेवणांत वारंवार बसूनही वाचलेल्या ३० वयस्क बायकांपैकी २३ जणींच्या प्रिऑन जनुकात १२९ व्या जागी दोन वेगवेगळ्या प्रती होत्या. असं मिश्रण संरक्षण देतं. २००९ मध्ये पुरोसा खोऱ्याच्या आसपास जनुकाचा आणखी एक प्रकार सापडला, जो कुरूच्या एकाही रोग्यात नव्हता. उंदरांवर तपासल्यावर तो प्रिऑनला जवळजवळ पूर्ण अडवतो असं २०१५ मध्ये दिसलं. ज्या लोकांच्या रक्तात दोष आहे म्हणून त्यांना डोंगरात कोंडायचा विचार झाला होता, त्यांच्याच रक्तात ही ढाल निघाली.

त्या आठ वर्षांत कुरूचे ११ नवे रोगी सापडले. सगळे दक्षिण फोरे भागातले, सगळे १९६० च्या आधी जन्मलेले, बहुतेकांचं जनुक मिश्र प्रतीचं. प्रत्येकाच्या घरी तोच प्रश्न विचारला गेला. पाय लटपटायला लागले त्याला काही महिनेच झाले होते. पण अधिशयन काळाचा, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा हिशेब किमान ३४ ते ४१ वर्षांवर गेला, आणि काहींच्या बाबतीत पन्नाशीच्याही पुढे. त्यांच्या आजाराचं 'कधीपासून' होतं लहानपणी, आईच्या शेजारी बसून खाल्लेल्या घासापासून.